मंगळवारी समुद्रात असलेले पेशंट

पास्कलने प्लॅस्टिकच्या पिशवीतून चार केसपेपर काढले आणि माझ्या टेबलावर एकाशेजारी एक मांडले.

"बघा सायेब. चार वेळा आलतो. चारी वेळा तुमच्या दाराला कुलूप."

मी ते उचलून पाहिले. प्रत्येकावर आमच्याच हॉस्पिटलचा शिक्का होता, तारीख होती आणि केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या सुनंदाताईंच्या अक्षरात 'तंबाखू' असं लिहिलेलं होतं. खोटं काहीच नव्हतं. आणि मागच्या कपाटातल्या रजिस्टरमध्ये याच माणसाच्या नावापुढे मी दीड महिन्यापूर्वी लिहून ठेवलं होतं, 'ड्रॉपआऊट'. म्हणजे उपचार अर्धवट सोडून गेलेला. शेऱ्याच्या रकान्यात तर मी जास्तच हात सैल सोडला होता: 'इच्छाशक्तीचा अभाव'.

माझे कान तापले. मी रजिस्टरवर फाइल ठेवली. त्याला वाचता आलं असतं म्हणून नाही, मला ते दिसू नये म्हणून.

मी तंबाखूमुक्ती समुपदेशक आहे. लोकांना वाटतं, मी दिवसभर खुर्चीत बसून 'बिडी वाईट असते' असं सांगतो. ते तर बिडीच्या बंडलावरही छापलेलं असतं, त्यासाठी सरकारने मला कशाला नेमलं असतं? माझं काम वेगळं आहे. माणूस दिवसातून कितीदा ओढतो, कधी, कोणाबरोबर, का, हे विचारायचं. मग त्याच्याबरोबर सोडायची तारीख ठरवायची आणि निकोटिनचं च्युइंगम द्यायचं. बिडीतून जे निकोटिन शरीराला मिळतं, त्यातलं थोडं या च्युइंगममधून मिळतं, धूर मात्र नाही. तलफ आली की एक तोंडात टाकायचं, दोन-चारदा चावायचं आणि गालात धरून ठेवायचं. हळूहळू संख्या कमी करत न्यायची. शिवाय एक छोटं मशीन आहे. त्यात फुंकलं की श्वासात धुराचा विषारी वायू किती आहे ते आकड्यात दिसतं. माणूस खोटं बोलतो, मशीन बोलत नाही.

हे सगळं सरकारी खर्चाने, म्हणून फुकट. मेडिकलमध्ये त्या च्युइंगमच्या एका स्ट्रिपच्या किमतीत बिडीची बरीच बंडलं येतात. तेव्हा ज्याला सोडायची आहे पण खिसा हलका आहे, त्याच्यासाठी माझी खोली हेच दुकान.

दुकान एक आणि दुकानदार मी एकटा. माझ्याकडे तीन हॉस्पिटलं आहेत, वसई आणि विरार मिळून. पाचूबंदरच्या लोकांना जवळ पडणाऱ्या हॉस्पिटलात माझा वार मंगळवार. दहा ते एक. बाकीचे दिवस खोलीला कुलूप, आणि चावी माझ्या खिशात.

पास्कल पहिल्यांदा आला तो दिवाळीनंतर. पाचूबंदरला आम्ही तपासणी शिबिर घेतलं होतं, तिथे चौदा मच्छीमारांनी नावं नोंदवली. शिबिरात नावं पुष्कळ मिळतात, कारण समोर बायको उभी असते. पास्कलच्याही मागे त्याची बायको मार्थाबाई उभी होती, पण त्याला ढकलावं लागलं नव्हतं. त्याला घाई होती.

तो होडीवरचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. वय पंचावन्नच्या पुढे. तिशीपासून रोज दोन बंडलं.

"आताच का सोडायची?" मी विचारलं. हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारतो.

त्याने मार्थाबाईकडे पाहिलं. मग म्हणाला, "नात झालीय. भुईगावला दिलीय ना रीना, तिला. सातव्या म्हैन्यात झाली. काचेच्या पेटीत ठेवलेली."

बाळाची छाती नाजूक होती. डॉक्टरांनी रीनाला बजावलं होतं की, धूर तर सोडाच, बिडी ओढणाऱ्याच्या कपड्यांचा वासही बाळाजवळ नको. रीनाने वडलांना स्पष्ट सांगितलं, बिडी सुटेपर्यंत बाळाला हात लावायचा नाही. बाप्तिस्म्याला पास्कल चर्चमध्ये अगदी मागच्या बाकाजवळ उभा राहिला होता.

"आता भुईगावला जातो," तो म्हणाला, "वाडीच्या बाहेर रस्त्यावर उभा ऱ्हातो. रीना ओटीवर येते, पोरीला उचलून दावते. मी लांबून हात करतो. मग घरी येतो."

"आनि घरी येताना बिडी लावतो," मार्थाबाई म्हणाल्या.

"मग काय करू? जीव लागत नाय," पास्कल म्हणाला.

मग त्याने मला उलट विचारलं, "तुमी ओढायचे?"

"वीस वर्षं."

"आता?"

"नऊ वर्षं झाली सोडून."

"आटवन येते?"

आमच्या ट्रेनिंगमध्ये याचं एक छापील उत्तर आहे. ते मी दिलं नाही. खरं तेच सांगितलं. रोज येते. संध्याकाळच्या चहाला येते. मी आणि माझा मोठा भाऊ विरारच्या घरी गॅलरीत उभे राहून एकच सिगारेट अर्धी-अर्धी ओढायचो. आधी तो, मग मी. दादा छातीच्या आजाराने गेला आणि मी सिगारेट सोडली. अजूनही चहाचा कप हातात आला की दुसरा हात रिकामा वाटतो. ती तलफ सिगारेटची असते की दादाची, हे नऊ वर्षं झाली तरी मला सांगता येत नाही. एवढंच सांगता येतं की ती येते, तीन-चार मिनिटं थांबते आणि जाते. त्या तीन-चार मिनिटांत काहीतरी करायचं असतं.

पास्कलने मान डोलावली. त्याला पटलं. मी त्याला नियमाप्रमाणे सात दिवसांचं च्युइंगम दिलं आणि कार्डावर पुढची तारीख लिहिली. पुढचा मंगळवार.

पुढच्या मंगळवारी चौदातला एकही आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन लावले तर सगळे 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. मला राग आला. शिबिरात चहा-बिस्किट खाताना उत्साह होता आणि आता दोन किलोमीटर येववत नाही! सलग चार फॉलो-अप चुकले की पेशंट ड्रॉपआऊट धरायचा, असा नियम आहे. महिना झाला तेव्हा मी चौदा नावांपुढे चौदा वेळा तेच लिहिलं आणि शेराही तोच. हात दुखेपर्यंत लिहिलं.

मधे एकदा सुनंदाताई म्हणाल्या होत्या, "कदमसर, तुमचा एक कोळी येऊन गेला हो परवा."

मी त्यांना म्हटलं होतं, "मंगळवारी यायला सांगा."

त्यांनी सांगितलं असणार. बाई आगाशीच्या, काम चोख.

आता ते चार केसपेपर माझ्या हातात होते. मी तारखा वाचल्या. एक बुधवार, एक गुरुवार, एक शुक्रवार, एक शनिवार. मंगळवार एकही नाही. आणि दोन तारखांमध्ये अंतर प्रत्येक वेळी साधारण पंधरा दिवसांचं.

"पंधरा-पंधरा दिवसांनी का आलात? कार्डावर तर दर आठवड्याला लिहिलं होतं," मी म्हणालो.

पास्कल माझ्याकडे बघत राहिला, जणू मी सूर्य कुठे उगवतो ते विचारलं होतं. उत्तर मार्थाबाईंनी दिलं. त्या मासळीची टोपली बाहेर सुनंदाताईंच्या नजरेखाली ठेवून आत आल्या होत्या.

"भांगाला होडी किनाऱ्याला येते. तवाच येनार ना मानूस? दर्याला मंगळवार म्हाईत नसतो, सायेब."

भांग म्हणजे प्यायची नव्हे. पाचूबंदरच्या या होड्या डोल जाळ्याने मासेमारी करतात. डोल म्हणजे समुद्रात खुंटांना बांधलेली जाळ्याची भलीमोठी पिशवी. पाण्याच्या ओढीबरोबर मासळी तिच्यात शिरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ असते, तेव्हा धंदा. अष्टमीच्या पुढेमागे पाणी मंदावतं. तो भांग. तेव्हा जाळी रिकामी, होड्या किनाऱ्याला आणि माणसं घरी. महिन्यातून असे दोनदा. भिंतीवरचं कॅलेंडर काढून मी चारही तारखा पडताळल्या. चारही अष्टमीच्या आजूबाजूला. हा माणूस एकदाही चुकला नव्हता. त्याचा भांग आणि माझा मंगळवार अडीच महिन्यांनी आज पहिल्यांदा एकत्र आले होते.

मी विरारला चौदा वर्षं राहतोय. पापलेट कसं ओळखायचं ते मला कळतं. ते आणणारा माणूस कधी घरी असतो, हे मी कोणाला विचारलं नव्हतं.

"आणि च्युइंगम?"

"सात दिवस पुरलं. होडी धाव्या दिवशी आली. पानी फिरायची वाट बघत बसायचं असतं, बाकीचे खलाशी बिडी लावतात. सात दिवस मी नाय लावली. आठव्या दिवशी चिंगम संपलं."

"आणि मग?"

"मग काय? लावली. आनि तुमच्याकडं आलो, तर कुलूप."

सात दिवस त्याने भर समुद्रात, बिडी ओढणाऱ्या सहा माणसांमध्ये बसून काढले होते. मी रजिस्टरमध्ये लिहिलेलं आठवलं. मला त्याच्याकडे बघवेना.

मी कपाट उघडलं. च्युइंगमच्या फक्त तीन स्ट्रिप शिल्लक होत्या. पुढच्या तिमाहीचा माल यायचा होता, पण तो कोणाला मिळणार हे फॉलो-अपच्या आकड्यांवर ठरतं. पाचूबंदरचे आकडे मीच पाठवले होते: चौदापैकी शून्य. मी त्या तिन्ही स्ट्रिप पास्कलला दिल्या आणि दुसऱ्या दिवशी वरच्या ऑफिसात गेलो.

तिथे पाटणकर मॅडम आमचा कार्यक्रम बघतात. बाई वाईट नाहीत. त्यांच्यावरही कोणीतरी आहे आणि त्यालाही आकडे लागतात.

"कदम, पाचूबंदर बंद करतोय आपण," मी बसायच्या आधीच त्या म्हणाल्या. "तो माल वसई पश्चिमेच्या दोन कॉम्प्लेक्सना जाईल. तिथे रिस्पॉन्स चांगला आहे. मेसेज टाकला की लोक येतात."

खरं होतं ते. तिथले कॅम्पही मीच घेतो. स्वच्छ हॉल, पंखे, ओळीने खुर्च्या. मागच्या वेळी एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, यात पुदिन्याशिवाय दुसरा फ्लेवर नाही का? त्यांनाही सिगारेट सोडायची आहे आणि त्यांचीही तलफ खरीच आहे, त्यात शंका नाही. पण ते मेडिकलमध्ये जाऊन फ्लेवर निवडू शकतात. पास्कल नाही.

मी केसपेपरच्या झेरॉक्स मॅडमसमोर ठेवल्या आणि भांग समजावून सांगितला.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ॲपमध्ये फॉलो-अप सात दिवसांचा आहे. तिथीवर ओपीडी चालवायची? ऑडिटला काय सांगू मी? अष्टमी होती म्हणून?"

"तिथीवर नाही मॅडम, भरती-ओहोटीवर. तिचं वेळापत्रक सरकारच छापतं."

त्या किंचित हसल्या. मग संगणकावर माझाच रिपोर्ट उघडला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"हे कोणी लिहिलंय? इच्छाशक्तीचा अभाव. चौदा वेळा."

"मी."

"मग तुमचं कुठलं म्हणणं खरं धरू? तेव्हाचं की आजचं?"

घोडं तिथे अडलं. मला वाटलं होतं, मी नियमाशी भांडायला आलोय. नियम बिचारा बाजूलाच राहिला, माझंच अक्षर आडवं आलं.

"आजचं," मी म्हणालो. "तेव्हाचं चूक होतं. लेखी देतो."

"कदम, तुमचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये रिन्यू व्हायचंय. चौदा केसेस चुकीच्या क्लोज केल्या असं स्वतःच्या सहीने देणार?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी घरी आलो आणि दोन दिवस पत्र लिहिलं नाही. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी दुसरी नोकरी कोण देतो? संध्याकाळी चहा घेऊन गॅलरीत उभा राहिलो आणि मला दादाची इतकी आठवण आली की समोरच्या टपरीवर जावंसं वाटलं. नऊ वर्षांत एवढं कधी वाटलं नव्हतं. टपरी चाळीस पावलांवर आहे. मी गेलो नाही, पण का गेलो नाही हे सांगता येत नाही. गेलो नाही एवढंच. आत जाऊन पत्र लिहिलं. पान भरलं नाही. पेशंट आले होते, केंद्र बंद होतं, शेरा चुकीचा आहे, चूक माझी आहे.

पत्र वर गेलं. चौकशी झाली, एक मेमो मिळाला, आणि कॉन्ट्रॅक्ट वर्षाऐवजी सहा महिन्यांनी वाढलं. त्या सहा महिन्यांचं मला फार वाईट वाटलं असं म्हणणार नाही. थोडं वाटलं. पण पाटणकर मॅडमनी एक काम केलं जे त्या सहज टाळू शकल्या असत्या. त्यांनी पाचूबंदर 'प्रायोगिक' म्हणून एका तिमाहीसाठी चालू ठेवलं, कॉम्प्लेक्सच्या मालातला अर्धा तिकडे वळवला आणि पंधरा दिवसांचं च्युइंगम एकदम द्यायला लेखी परवानगी दिली. ॲपमधला सात दिवसांचा रकाना तसाच राहिला. तो भरायला मला अजून कसरत करावी लागते.

मार्चच्या पहिल्या भांगाला मी मशीन आणि खोकं घेऊन पाचूबंदरच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात जाऊन बसलो. उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं होतं. डिझेलचा वास, कोपऱ्यात जाळ्यांचे ढीग, टेबलाचा एक पाय आखूड. चौदातले अकरा आले. 'शून्य प्रतिसाद' म्हणून मी ज्यांना निकालात काढलं होतं तेच अकरा. जाताना त्यातल्या एकाने विचारलं, "फुडच्या भांगाला येनार ना? का कुलूप?"

पास्कलने मशीनमध्ये फुंकलं. आकडा बावीस. बिडी न ओढणाऱ्याचा असतो पाच-सहाच्या आत. नंतरच्या भांगाला चौदा. एप्रिलच्या सुरुवातीला चार.

"बंद?" मी विचारलं.

"शेवटली उधानाच्या आधी. त्याला बारा दिवस झाले." मग हळूच म्हणाला, "रीना म्हनते, एक म्हैना पुरा पायजे. आनि मशीनचा कागद पायजे. बापावर इस्वास नाय तिचा."

"बरोबर आहे तिचं," मार्थाबाई म्हणाल्या.

महिना पुरा झाला. आकडा तीन. मी सोसायटीच्या टेबलावर साध्या कागदावर लिहून दिलं, सही केली, तारीख घातली. असा कागद द्यायची पद्धत आमच्याकडे नाही. पास्कलने तो दोनदा घडी घालून शर्टच्या खिशात ठेवला आणि भुईगावला गेला.

पुढच्या भांगाला तो आला तेव्हा अंगावर धुवट पांढरा शर्ट होता. मला मोबाइलवर फोटो दाखवले. रीना माहेरी राहायला आली होती. बाळ आजोबांच्या मांडीवर, बाळ आजोबांच्या खांद्यावर, बाळाच्या मुठीत आजोबांची मिशी.

"किती दिवस आहे रीना?" मी विचारलं.

"गेली," तो म्हणाला. "परवा इमानात बसली."

जावयाला मस्कतला नोकरी लागली होती. व्हिसाचं चाललं होतं ते दिवाळीच्या आधीपासून. हे पास्कलला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याची घाई तीच होती. मला त्याने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. दोन वर्षं तरी येणार नाहीत म्हणाला.

"नऊ दिवस ऱ्हायली माझ्याकडं. मी होडीवर गेलोच नाय. एक उधान सोडलं."

बाहेर बायका बोंबील वाळत घालत होत्या, त्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं. पास्कल फोटो पुढे सरकवत होता, परत मागे आणत होता. तेच सात-आठ फोटो.

"एक विचारू सायेब? रागावू नका."

"विचारा."

"पयल्याच खेपेला चिंगम मिळालं असतं, तर माजी कदी सुटली असती?"

हिशेब अवघड नव्हता. मी मनात तो आधीच केला होता. खोटं बोलावंसं फार वाटलं. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, नक्की सांगता येत नाही, असं छापील उत्तर याही प्रश्नाला आहे.

"जानेवारीत," मी म्हणालो. "तुम्हाला चार महिने मिळाले असते."

त्याने मान डोलावली. मोबाइल खिशात ठेवला. मग पंधरा दिवसांचं च्युइंगम मोजून घेतलं, त्याच्या होडीवरच्या दोन खलाशांचं होतं ते, आणि निघाला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याने बिडी परत लावली नाही. अकरातल्या चौघांची सुटली, तिघांची कमी झाली, बाकीचे अजून झगडतायत. सोसायटीतली बैठक एक तिमाही वाढवून मिळाली आहे. त्याच्या पुढचं माहीत नाही. नव्याने लागलेल्या समुपदेशकांना शिकवायला मला हल्ली बोलावतात. त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे एकच आहे. पेशंट आला नाही असं लिहिण्याआधी, तो आला असता तर आपण तिथे होतो का, ते बघा.